तुंगलचे धरे आणि इचारे

परवा वाडीत आबांच्या पुण्यतिथीला मला बोलायला उभं केलं. घरातली एकटी वकील, म्हणून मान माझा. हातात माइक, समोर शे-दीडशे माणसं, फोटोला झेंडूचा हार, आणि मी काय बोलले? 'आबा म्हणजे कायद्याचा माणूस' एवढं बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, पुतणीचा गळा दाटून आला. कसला दाटतोय! जिभेवर शिवी आली होती, ती गिळली इतकंच. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही, असं मला शेजारच्या बाईनं हळूच बजावलंही होतं. का बोलायचं नाही? जिवंत होते तेव्हा बोलायची सोय नव्हती, आता गेले म्हणून बोलायचं नाही, मग बोलायचं तरी कधी? म्हणून हे लिहून काढते आहे. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, वाडीचे पोलीस पाटील. आमची वाडी कान्हे स्टेशनापासून पाऊण तास चालत. वारा तिकडून असला की लोकलचा भोंगा ऐकू यायचा, आणि घरातली कामं त्या भोंग्यावर चालायची. पोलीस पाटील म्हणजे काही मोठा साहेब नव्हे. गावात काही झालं तर ठाण्याला कळवायचं, पंचनाम्याला उभं राहायचं, लागेल तो दाखला द्यायचा. पण आबांच्या अंगात ते पद पार मुरलं होतं. त्यांच्याजवळ एक गोल शिक्का होता आणि पत्र्याच्या डबीत जांभळ्या शाईची गादी. ती डबी रेडिओच्या शेजारी फळीवर असायची, आणि फळीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

घरात नियम किती होते ते आता आठवून हसू येत नाही, संतापच येतो. मुलींनी पडवीत हसायचं नाही. आबांचं ताट वाढल्याशिवाय कुणी भाकरी मोडायची नाही. रेडिओ आबाच लावणार, आबाच बंद करणार. आणि नियम मोडला तर आबा मारत नसत, तेवढं त्यांच्या नावावर पुण्य म्हणून सांगणारे लोक अजून आहेत. आबा जबाब घेत. खरंच सांगते, लेखी जबाब! बरणी फुटली, म्हशीनं दावं तोडलं, दूध उतू गेलं, की ज्याच्या हातून झालं त्याला पडवीत उभं करायचं, आबा सांगतील तसं लिहायला लावायचं, 'हा जबाब मी स्वखुशीने देत आहे' हे शेवटचं वाक्य ठरलेलं, आणि वर शिक्का. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा अंगठा. माझ्या आईनं चौदा वर्षांत असे किती अंगठे उठवले असतील देव जाणे. वडील तळेगावच्या कारखान्यात पाळीवर असायचे, ते आल्यावर आई बोटावरची शाई राखेनं घासत बसलेली असायची आणि वडील मुकाट्यानं जेवायचे. त्यांचाही मला राग येतो, पण तो वेगळा.

जबाबाला कागद लागायचा, आणि तो आमच्या वह्यांतून यायचा. आबांनी दप्तर ओढायचं, मागची कोरी पानं फाडायची. त्यावर कुणी ब्र काढला नाही.

मंगलताई ही आबांचीच मुलगी. मी तेव्हा चौदाची, ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, बारावी होऊन घरी बसवलेली. उंच, हाडापेरानं दणकट, डोक्यावर भाताचा भारा असताना बांधावरून पळत जाणारी. काकी, म्हणजे तिची आई, तिला म्हणायची, 'पोरी, जरा बाईवानी चाल की गं.' काकीच्या हातचं खेकड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी ही आमच्या घरातली एकच गोष्ट, जिची आठवण काढताना मला शिव्या सुचत नाहीत. खेकडे मंगलताई पकडायची. बिळात हात घालायची आणि नांग्यांसकट बाहेर ओढायची, तोंडातून आवाजसुद्धा न काढता.

भात निसवून लोंब्या बाहेर आल्या की पाखरं राखायला आम्हा दोघींना शेतात पाठवायचे. सकाळपासून मचाणासारख्या माळ्यावर बसायचं, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची आणि हाकारे घालायचे. त्या माळ्यावर आम्ही तुंगल शोधलं. नाव तुंगच्या किल्ल्यावरून. तो काही समोर नव्हता, लांब पवनेकडे, पण मंगलताईनं शाळेच्या सहलीत तो पाहिला होता आणि त्या नावावर तिचा जीव होता. तर तुंगल म्हणजे आकाशातला एक गोळा, पृथ्वीहून पुष्कळ लांबचा. तिथल्या लोकांना चार हात आणि चेहऱ्यावर तोंडच नाही. तोंड तळहातावर. बोलायचं तर मूठ उघडायला लागते, आणि काही धरायचं तर मूठ मिटायला लागते. झालं, एवढ्या एका गोष्टीवरून आम्ही अख्ख्या तुंगलचा कायदा रचला.

तुंगलवर कायदा सांभाळणारे दोन जातीचे. एक धरे. गुन्हेगाराला पकडायचं काम त्यांचं. चारी मुठी त्याच्यावर मिटलेल्या, म्हणून धऱ्याला पकडलेलं असताना एक शब्द बोलता येत नाही. दुसरे इचारे. त्यांचं काम नियमाचा विचार करायचं. हात कायम उघडे, म्हणून इचाऱ्याला कुणालाही धरता येत नाही. धऱ्यानं माणूस पकडून आणला की इचारा आधी त्या माणसाला काहीच विचारत नाही, तो नियमाला विचारतो. हा नियम केला कशाला? कारण सापडलं तर शिक्षा. सापडलं नाही तर नियम मेला, आणि माणूस सुटला. इचारा खोटं बोलला तर त्याचा तळहात वाळतो, आणि प्रत्येक खटला वहीत खराखरा लिहिलाच पाहिजे. मंगलताई धरी. मी इचारी. मी आता पस्तीस वर्षं वकिली करते आहे, जाड जाड पुस्तकं वाचली, पण ज्याच्या हातात माणूस आहे त्यानं बोलायचं नाही, इतकी साधी गोष्ट मला पुन्हा कुठं लिहिलेली सापडली नाही.

खटले घरातलेच असायचे, नावं तेवढी तुंगलची. पडवीत हसल्याबद्दल एकीला धरून आणली. मी काकीला जाऊन विचारलं, 'काकी, पडवीत का हसायचं न्हाई?'

'आबास्नी आवडत न्हाई.'

'पर का आवडत न्हाई?'

'आता गं बया! जा, पानी शेंदून आन.'

कारण सापडलं नाही. मी वहीत लिहिलं, नियम मेला. असे आबांचे निम्मे नियम आम्ही त्या माळ्यावर मारले आणि पोट धरधरून हसलो. घरी आलो की ते सगळे जिवंतच असायचे, ही गोष्ट निराळी.

त्याच सुमारास मंगलताईनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला. खऱ्याखुऱ्या भरतीचा. पुण्याला, बाया घेणार होते. घरी सांगायची सोय नव्हती. 'घरात एक पोलीस हाय तेवढा बास,' असं आबा एकदा हसत म्हणाले होते, आणि त्या हसण्यात काय होतं ते आम्हाला बरोबर कळलं होतं. पत्र आबांच्या हाती पडू नये म्हणून तिनं पत्ता वलवणच्या मावशीचा दिला. ही काकीची बहीण, धरणाजवळ कणसं भाजून विकायची. आणि ताई पहाटे लाकडाच्या निमित्तानं बाहेर पडून रुळाच्या कडेच्या पायवाटेनं पळायला लागली. नदीच्या पुलापासून कान्हे स्टेशनापर्यंत, लोणावळ्याला जाणारी पहिली लोकल येण्याच्या आत पोचायचं, हे तिचं घड्याळ. गोळाफेकीला गोळा नव्हता, म्हणून वरवंटा पळवायची. काकी एकदा वरवंट्याला लागलेला चिखल बघून म्हणाली, 'ह्यो काय वाटण वाटून शेतात फिरायला गेलता का?' मला वाटतं काकीला सगळं ठाऊक होतं. बिचारी बोलली नाही.

मावशी एक दिवस चिक्कीचा पुडा घेऊन आली. पुड्याच्या तळाशी ते बोलावण्याचं पत्र होतं. येत्या गुरुवारी सकाळी मैदानावर हजर राहायचं. ताईनं ते माळ्यावर नेऊन मला वाचून दाखवलं. म्हणाली, 'सुमे, मी आता खरोखरची धरी व्हनार.'

आणि मी काय केलं? मी खटला लिहिला. झिरमी नावाच्या मुलीचा. तिच्या जातीत मुलींनी धरी व्हायचं नाही असा नियम, ती चोरून रुळांच्या कडेनं पळते, पाण्याच्या भिंतीजवळच्या मावशीकडे तिचं पत्र येतं, गुरुवारी तिला मोठ्या मैदानात जायचंय. तुंगलच्या वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून गुरुवार होता तर गुरुवारच लिहिला. खाली निकाल दिला: कारण सापडत नाही, नियम मेला, झिरमी मोकळी. इतकी खूश होते मी त्या निकालावर! दोनदा वाचला आणि वही दप्तरात कोंबली.

रविवारी दुपारी एक बैल मालगाडीखाली सापडला. आबांना पंचनाम्याला कागद हवा होता. त्यांनी माझं दप्तर ओढलं, वही काढली, कोरं पान शोधताना भरलेली पानं दिसली. मी मागच्या दारी भांडी घासत होते. मग हाक आली.

'सुमे, हिकडं ये.'

गेले. चष्मा नाकावर, वही मांडीवर.

'हे तू लिवलंस?'

'व्हय.'

'अक्षर झ्याक हाय. मला वाटलं पोरी नुसत्या हुंदडत्यात. हे तर डोक्याचं काम हाय गं.'

चौदा वर्षांत त्या माणसानं घरातल्या कुणाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मेली मी तिथंच विरघळले. त्यांनी मला शेजारी बसवलं, आणि एकेक विचारत गेले. धरे बोलत का नाहीत? मुठी मिटलेल्या असतात म्हणून. नियम मरतो म्हणजे काय? मी पटापटा सांगत गेले. ते मान डोलवत होते, खरंच गुंगल्यासारखे.

'आन इचाऱ्यानं खोटं सांगितलं तर?'

'त्याचा हात वाळतो आबा. मंग त्यो कुनाच्या उपेगाचा ऱ्हात न्हाई.'

'लय पक्कं केलंय.' त्यांनी पान उलटलं. 'मंग इचारीनबाई, आता खरं सांगा. ही झिरमी कोन?'

नुसतं 'गोष्ट हाय आबा' म्हणाले असते तर संपलं असतं. त्यांना संशय होता, खात्री नव्हती. पण मला इचारी म्हणून विचारलं होतं, माझ्या कायद्यानं, माझ्या शब्दांत. माझ्या त्या दीडशहाण्या डोक्यात आलं की आता खोटं बोलले तर सगळं तुंगलच खोटं.

'मंगलताई,' मी म्हणाले.

आबांनी वही मिटली, माझ्या हातात नीट परत दिली आणि म्हणाले, 'जा, च्या पी.' आणि मी आत गेले ती अजून खुशीतच. हे लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

चहा ओठाला लागायच्या आत ताईला पडवीत बोलावल्याचं ऐकलं. पत्र तिच्या पेटीतून निघालं. मावशीला या घराचा उंबरा बंद, हे आबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. आरडाओरडा काही नाही. कागद काढला, पेन ताईच्या हातात दिलं आणि सांगायला लागले. 'मी कुमारी मंगल, राहणार सदर वाडी, लिहून देते की मी पोलीस भरतीस जाणार नाही. हा जबाब मी स्वखुशीने देत आहे.' ताईनं लिहिलं. रडली नाही. पाटलाच्या घरची पोर उघड्या मैदानात लोकांपुढं पळणार, तर मी उद्या पंचनाम्याला कुठल्या तोंडानं उभा राहू, असं आबा मधे मधे म्हणत होते. त्यांचं तोंड महत्त्वाचं!

'आता साक्षीदार पायजे,' आबा म्हणाले.

काकी ओल्या हातानं पुढं आली. 'माजा अंगठा घ्या. त्या ल्हान पोरीला मधी घेऊ नका.'

'तुजा अंगठा घिऊन काय करू? शिकलेलं मानूस पायजे. सुमे, हितं सही कर.'

मी पुढं गेले. सही करायच्या आधी तोंडातून निघालं, 'आबा, पर मुलींनी पोलीस व्हायचं न्हाई, ह्यो नियम का केला?'

आबांनी ताईचं मनगट धरलं होतं, तिनं पेन टाकून उठू नये म्हणून असेल. ते न सोडता माझ्याकडे वळून म्हणाले, 'मी सांगतो म्हनून.' मनगटावर मूठ मिटलेली आणि तोंड चालू. तुंगलवर असलं काही होऊच शकत नव्हतं, आणि इथं ते किती सहज चाललं होतं.

ताई माझ्याकडे बघत होती. एकदाही 'नको' म्हणाली नाही, 'कर' म्हणाली नाही. नुसती बघत होती. मला कळत होतं की मी सही केली नाही तर कागद अर्धाच राहील. आणि मी सही केली. भीतीनं केली, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. पण खरं लिहायचंच म्हणून बसले आहे तर तेही लिहिते: सही करताना मी अक्षर चांगलं काढलं. आबा बघत होते म्हणून. आबांनी वर शिक्का दाबला आणि फुंकर मारून शाई वाळवली.

गुरुवारी आबा पहाटेच तळेगावला कामाला गेले. दाराला कुलूप नाही, पहारा नाही. ते बोलावण्याचं पत्र रेडिओवर उघडं पडलं होतं, त्यांनी लपवलंसुद्धा नव्हतं. इतका त्यांचा त्या जबाबावर भरवसा. मी शाळेला जायचं टाळून चुलीपाशी घुटमळत होते. पुण्याकडे जाणारी एक लोकल गेली, मग दुसरी गेली. ताई भाकऱ्या थापत होती. तिसरीही गेली. तिनं शेवटची भाकरी तव्यावरून काढली, हात धुतले आणि म्हशीकडे गेली. माझ्याशी ती त्यानंतर चांगले सहा महिने बोलली नाही, आणि मग लग्नाचं ठरलं तेव्हा बोलली ते साडीचा पदर टाचायला टाचणी दे म्हणून.

तिला घोरावाडीला दिली. नवरा चांगला निघाला, कंपनीत होता, मुलंबाळं झाली. लोक म्हणतात, बघा, आबांनी पोरीचं भलंच केलं. त्या लोकांना मी काय सांगू?

पुढं मी लॉ कॉलेजला गेले. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाची सही, जबरीनं लिहून घेतलेला कागद, हे शिकवत होते. सर फळ्यावर उदाहरणं लिहीत होते आणि माझ्या डोक्यात ठिणगी पडली. आमच्या घरातला तो कागद नुसता रद्दी होता! पाटलाच्या शिक्क्याला तिथं दमडीची किंमत नव्हती. ताई सरळ मैदानात जाऊन उभी राहिली असती तर तो जबाब तिला कुणी विचारला नसता. एका अख्ख्या जगाचा कायदा रचणाऱ्या आम्ही दोघी, आणि आपल्या पडवीतला एवढासा कायदा आम्हाला माहीत नव्हता. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि भिंतीला अशी लाथ मारली की आठवडाभर लंगडत होते. ताईला मात्र सांगितलं नाही. नुसतं सांगून काय उपयोग, वर तिला आणखी जाळायचं, असं म्हणत वर्षं घालवली.

परवा पुण्यतिथीला ताई आली नव्हती. कधीच येत नाही. कार्यक्रम उरकून मी लोकल पकडली आणि तडक तिच्या घरी गेले. ती जमिनीवर पाय पसरून मेथी निवडत बसली होती. गुडघे गेलेत तिचे. मी पाणीसुद्धा प्यायले नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तो कागद रद्दी होता, ताई. तू गेली असतीस तर कुणाच्या बापाला तुला अडवता आलं नसतं.

'मला ठावं हुतं,' ती म्हणाली.

'ठावं हुतं?'

'कागदाला कोन भेतंय? दार उघडं, पत्र समोर, आबा गावात न्हाईत. मी पहाटं बूट घालून दारापातूर गेलते.'

'मंग गेली का न्हाईस गं?'

तिनं एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. माझ्याकडे बघितलंही नाही.

'तू सही केलीस ना, सुमे. मला वाटलं, एवढा इचार करनारी पोर सही करती, म्हंजी माजंच कायतरी चुकत आसंल.'